मर्गट्रॉइड कुठले? दुर्मिळ ब्रिटिश आडनावाचा माग कसा काढायचा

औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून दिवसभर लोकांची आडनावं पुकारायची, हे माझं काम. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सला आले त्याच्या पहिल्याच महिन्यात एका पिशवीवरचं नाव वाचताना जीभ अडखळली. "मुर्गा... मुर्गात्रोयद?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक आजी उठल्या. हसू दाबत म्हणाल्या, "मर्गट्रॉइड. घाबरू नकोस पोरी, लंडनवाल्यांनाही जमत नाही." हे आडनाव कुठलं, असं मी सहज विचारलं. त्यांनी काचेतून समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. "तिथलं."

मला थट्टा वाटली. पण पुढची दोन वर्षं रविवारची दुपार या एका नावापायी गेली, आणि आजी अक्षरशः खरं बोलल्या होत्या हे कळलं. कुणाला एखाद्या दुर्मिळ ब्रिटिश आडनावाचा असाच माग काढायचा असेल, तर मी कुठून सुरुवात केली आणि कुठे तोंडावर आपटले ते सांगते.

सगळ्यात आधी, नावाच्या अर्थापासून सुरुवात करू नका. आपल्याला 'कर' प्रत्ययाची सवय, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. मर्गट्रॉइडची फोड सहसा 'मूर', 'गेट' आणि 'रॉइड' अशी करतात. मूर म्हणजे डोंगरावरचं उघडं माळरान. गेट म्हणजे इथे फाटक नव्हे, रस्ता. उत्तर इंग्लंडमध्ये हा शब्द व्हायकिंगांच्या बोलीतून आला. आणि रॉइड म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जमीन. माळावर जाणाऱ्या वाटेवरचं शिवार. छान जुळतं. पण या जुळण्यावरून ते शिवार नेमकं कुठलं, तिथे कोण राहत होतं, त्यांची पोरं कुठे पांगली, यातलं काहीच कळत नाही. एकच धागा मिळतो: 'रॉइड' हा शेवट वेस्ट यॉर्कशायरच्या बोलीचा. होलरॉइड, अ‍ॅक्रॉइड, बूथरॉइड, सगळे इथलेच.

नाटक-सिनेमावर तर मुळीच विसंबू नका. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या १८८७ च्या 'रडिगोर' या संगीत नाटकात शापित मर्गट्रॉइड सरदारांचं घराणं आहे, आणि ते राहतं कॉर्नवॉलला! इथून शेकडो मैल दूर, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. नाव कानाला मजेशीर वाटलं म्हणून उचललं असणार.

सुरुवात करायची ती आजपासून मागे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली (स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून, आणि तिथलं दफ्तर वेगळं). या नोंदींची सूची 'फ्रीबीएमडी' या स्वयंसेवकांनी उभारलेल्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. सूची तिमाहीने लावलेली असते. मार्च तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि तारीख नोंदणीची, जन्माची नव्हे. डिसेंबरात जन्मलेलं पोर पुढच्या वर्षात सापडू शकतं. सरकारी नोंदणी कार्यालयाची स्वतःचीही ऑनलाइन सूची आहे. तिच्यात सुरुवातीपासूनच्या जन्मनोंदींना आईचं माहेरचं आडनाव जोडलेलं असतं. एकाच शहरात त्याच आडनावाची तीन कुटुंबं असली की भावंडं वेगळी काढायला याच्याइतकं दुसरं काही उपयोगी नाही.

आता दुर्मिळ आडनावाचा खरा फायदा बघा. स्मिथचा माग काढणारा एका जॉनमागे धावतो आणि पन्नास जॉनमध्ये हरवतो. आपण मात्र सगळ्यांनाच वहीत घेऊ शकतो. मी तेच केलं. आजींच्या कुटुंबाशी संबंध असो-नसो, दिसेल तो मर्गट्रॉइड उतरवला: वर्ष, तिमाही, नाव, जिल्हा, खंड, पान. हॅलिफॅक्सचा खंड १८५२ पासून '९ए'. महिनाभरात माझ्या वहीचा समास '९ए, ९ए, ९ए' असा जपमाळेसारखा दिसायला लागला, आणि काही न करताच एक नकाशा डोळ्यांपुढे आला. आडनाव दुर्मिळ असेल तर घराणं शोधू नका, आख्खं आडनाव गोळा करा. असं करणाऱ्यांची एक संघटनाच आहे, 'गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज', १९७९ पासूनची. तुमच्या आडनावावर आधीच कुणी बसलंय का, ते तिथे पहिल्यांदा बघा. फुकटची मेहनत वाचते.

स्पेलिंगचं मात्र डोक्यात पक्कं बसवा: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'बरोबर' स्पेलिंग नावाची गोष्ट नव्हती. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. मर्गिट्रॉइड, मॉर्गेट्रॉइड, मर्गट्रोड, सगळे एकच. फ्रीबीएमडीवर अक्षराच्या जागी तारा टाकून शोधता येतं, उच्चारावरून शोधायचीही सोय आहे. तिला साउंडेक्स म्हणतात: पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, व्यंजनांना आकडे द्यायचे. मर्गट्रॉइड होतो एम-६२३. मॉर्गेट्रॉइडही एम-६२३. पण एखाद्या कारकुनाने मधला 'ग' खाऊन मरट्रॉइड लिहिलं की झालं एम-६३६, आणि यंत्र गप्प बसतं. म्हणून नाव चार जणांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आमच्या दुकानात तर असं फुकटचं प्रशिक्षण रोज मिळतं. शिवाय जुन्या वळणदार हस्ताक्षरातलं 'एम' आज नकलून घेणाऱ्याला 'डब्ल्यू' किंवा 'एच' वाटू शकतं, तेही एकदा शोधून बघा.

जिल्ह्यांवरून लोक कुठे होते ते कळतं, कुठून आले ते कळतं जनगणनेवरून. १८४१ च्या गणनेत जन्माबद्दल 'याच काउंटीत का, नाहीतर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात?' एवढंच विचारलंय, आणि पंधरा वर्षांपुढच्यांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली ओढलीत, म्हणजे चोवीसचा माणूस वीसचा. १८५१ पासून जन्मगाव मिळतं. सगळ्यात कामाची १८८१ ची. ती स्वयंसेवकांनी आख्खी उतरवून काढलीय आणि 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर फुकट आहे. इंग्लंड-वेल्सची १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे मधल्या काळासाठी सप्टेंबर १९३९ ची युद्धकालीन नोंदवही वापरायची.

नकाशा करताना मी पहिली घोडचूक केली ती अशी. १८८१ ची नुसती डोकी मोजून रंग भरले, आणि लंडन उगाचच ठसठशीत दिसायला लागलं. अर्थात दिसणारच! लंडनमध्ये कुठलंही आडनाव घ्या, चार जण सापडतातच. डोकी नकोत, प्रमाण हवं: त्या जिल्ह्यातल्या दर लाख माणसांत किती? तसं केल्यावर लंडन पुसलं गेलं आणि पेनाइन डोंगरांच्या पूर्व कुशीत एकच गडद डाग उरला: हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, किथली. पश्चिमेला लँकेशायरमध्ये फिकट शिंतोडे. त्या शिंतोड्यांची जन्मगावं वाचत बसले तेव्हा चित्र हललं. बाप यॉर्कशायरचा, मोठा मुलगा यॉर्कशायरचा, धाकट्या दोघी लँकेशायरच्या. गिरण्यांमागे घर हललेलं. मोठ्या मुलाचं आणि त्या दोघींतल्या थोरलीचं वय लिहून ठेवा. कुटुंब कधी हललं ते या दोन आकड्यांच्या मध्ये सापडतं.

१८३७ च्या मागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्या. राजाज्ञेने त्या १५३८ मध्ये सुरू झाल्या. पुष्कळ ठिकाणच्या सुरुवातीच्या वह्या हरवल्यात, पण हॅलिफॅक्सची त्याच वर्षापासून शिल्लक आहे. एक भानगड मात्र आहे. हॅलिफॅक्सचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, अवाढव्य, सव्वाशे चौरस मैलांच्या आसपास. आजींची टेकडी, म्हणजे वॉर्ली, ही त्यातली एक वस्ती. मुख्य चर्च लांब पडतं म्हणून जवळच्या छोट्या चॅपलमध्येही विधी होत. तेव्हा एका वहीत नाव नाही म्हणून माणूस नाही असं समजू नका, लडेंडनसारखी आसपासची चॅपलं चाळा. या खोऱ्यात राजमान्य चर्च सोडून वेगळी वाट धरणारेही खूप, त्यांच्या वह्या निराळ्या. नॉर्थाउरमची जुनी नोंदवही छापलेली मिळते.

इथेच माझी फजिती झाली. एका जोडप्याचं लग्न सापडलं मे १६४० मध्ये, आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४० मध्ये. मी पुढच्या वेळी औषधं देताना आजींच्या कानात कुजबुजले, तुमच्या पूर्वजांनी जरा घाईच केली होती. आजींना इतका आनंद झाला की त्यांनी ते चर्चच्या चहापानात सगळ्यांना सांगितलं. तिथल्या एका निवृत्त मास्तरांनी शांतपणे विचारलं, "वर्ष कधी सुरू व्हायचं तेव्हा?" १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष बदलायचं २५ मार्चला. त्यामुळे फेब्रुवारी १६४० हा मे १६४० च्या *नंतर* यायचा. आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६४१. नऊ महिने, अगदी शिस्तीत. तेव्हापासून मी जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक जुनी तारीख '१६४०/४१' अशी दुहेरी लिहिते. तुम्हीही लिहा.

नोंदवह्यांच्या जोडीला इच्छापत्रं बघाच. १८५८ आधीची यॉर्कशायरची इच्छापत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत आहेत. जमिनीचे व्यवहार वेकफील्डच्या दस्त नोंदणीत, १७०४ पासूनचे. शेती, विहीर, हातमाग, लोकर, जावई, सगळं त्यात येतं.

याच्याही मागे मध्ययुग. तिथे नाव 'गोळा' होत नाही, नशिबाने हाती लागतं. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या वेस्ट रायडिंगपुरत्या, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागापुरत्या, चांगल्या टिकल्यात आणि छापल्याही आहेत. साध्या माणसाला चार पेन्स, नवरा-बायको मिळून एकच पट्टी. हाच कर दोन वर्षांनी पुन्हा मागितला तेव्हा शेतकऱ्यांचं बंड पेटलं. तसेच वेकफील्ड जहागिरीच्या न्यायसभेचे दप्तर, तेराव्या शतकापासूनचे, आता लीड्स विद्यापीठात. वॉर्ली त्याच जहागिरीत. आणि १३७१ मध्ये वॉर्लीचा कॉन्स्टेबल म्हणून नेमलेला माणूस कोण, तर जोहानस मर्गट्रॉइड. शिवाराचं नाव माणसाला चिकटलं ते इथे. चिपळूणकर म्हटलं की गाव कळतं, पण सगळे चिपळूणकर एका घरातले नसतात. मर्गट्रॉइडचं उगमस्थान गावसुद्धा नव्हे, टेकडीवरचं एक शिवार. तिथे मुळात मावणार किती घरं?

सतराव्या शतकात यातलाच एक जेम्स मर्गट्रॉइड कापडाच्या धंद्यात गबर झाला आणि किथलीजवळचा ईस्ट रिडल्सडेन हॉल घेऊन बसला. वाडा आता नॅशनल ट्रस्टकडे आहे, बघायला जाता येतं. आवारातल्या एका छोट्या इमारतीच्या माथ्यावर राजा-राणीची मुंडकी कोरलीत आणि फ्रेंचमध्ये 'राजा चिरायु होवो'. राजा तेव्हा पार्लमेंटशी लढत होता, म्हणजे दगडात राजकारण.

तुमचं ब्रिटिश आडनाव मुंबई-पुण्याच्या एखाद्या जुन्या थडग्यावर वाचलेलं असेल, तर दुसरं टोकही आहे. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती लंडनला जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन-३ या खुणेखाली आहेत. ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या 'फिबिस' संस्थेच्या सूचीत आधी शोधा. आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांना ठाऊक असलेला दख्खनचा साइक्स चंडोल ज्याच्या नावाचा, तो कर्नल साइक्सही ब्रॅडफर्डजवळच्या घराण्यातला. साइक म्हणजे तिकडच्या बोलीत ओढा.

साइक्सवरून शेवटची पायरी आठवली, डीएनए. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाचे ४८ पुरुष तपासले, तर निम्म्याच्या जवळपास जणांचं वाय एकसारखं निघालं. पुढे लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष घेतले. आडनाव जितकं दुर्मिळ, तितके लोक एका मूळ पुरुषाकडे जास्त जातात असं दिसलं. स्मिथांमध्ये मात्र रस्त्यावरचे कुणीही दोघे घ्यावेत तसा प्रकार. चाचणी करताना दूरच्या दोन फांद्यांचे पुरुष निवडा. सख्खे भाऊ तपासून काही कळत नाही.

मी उत्साहाने आजींना म्हटलं, तुमची थुंकी पाठवू या का? त्यांनी गोळ्यांची पिशवी पर्समध्ये टाकली.

"माझी काय कामाची? मी लग्नाने मर्गट्रॉइड. हे गेले, मूलबाळ नाही." दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "माहेरची मी स्मिथ. त्याचा काढतेस का माग?"

त्या रात्री वही उघडून मी जनगणनेचा आख्खा रकाना नव्याने मोजला: जन्माने मर्गट्रॉइड वेगळे, लग्नाने आलेल्या वेगळ्या.