सांत्वनाला आलेल्या साड्या

बाबा २०२१ च्या मे महिन्यात गेले. मी २२ वर्षांची होते, एम.कॉम.चं पहिलं वर्ष चालू होतं, भाऊ अकरावीत. घरात पगार एकच, बाबांचा. ते इंदूरच्या क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहायचे. त्या दिवाळीनंतर आईनं आणि मी सुदामानगरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत फॉल-पिकोचं काम सुरू केलं. घरात असं काही घडल्यावर गल्लीतच काही सुरू करायचं ठरवत असाल, तर पहिल्या वर्षात मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते.

आधी कागद. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती चार-पाच तरी घ्या, प्रत्येक ठिकाणी लागतात. गेलेल्या माणसाच्या खात्यातून कार्डानं किंवा फोनवरून पैसे काढू नका, नंतर त्याचीच उत्तरं देत बसावं लागतं. आणि पासबुक ओळ न् ओळ वाचा. बाबांच्या पासबुकात आदल्या वर्षी ३३० रुपये कापल्याची एक नोंद होती. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची होती, त्यात वारसाला २ लाख मिळतात. (तो हप्ता आता ४३६ रुपये झाला आहे.) घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती ओळ मला दिसली नसती तर आम्ही दावाच केला नसता.

ते पैसे धंद्यात घातले नाहीत, भावाच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवले. आईचं शिलाई मशीन घरात होतंच, जुनं पिको मशीन घेतलं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण कर्ज विनातारण असलं तरी हप्ता दर महिन्याला भरायचा असतोच, आणि आमच्याकडे काम किती येईल याचा अंदाज नव्हता. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधारवरून फुकट होते. ती करून देण्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. गुमास्ता (दुकानाचा परवाना) आणि विजेचं मीटर यांची चौकशी मात्र खोलीचं दुकान करण्याआधीच करा.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या महिन्यात आमच्याकडे ६० च्या वर साड्या आल्या. मी इतकी सुखावले की आणखी एक मशीन घ्यायचा विचार सुरू केला. पण त्या साड्या आणणाऱ्या बहुतेक जणी बाबांच्या दिवसांत पिठलं-भात घेऊन आलेल्या काकू आणि मावश्या होत्या. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या साड्या त्यांनी आमच्यासाठी बाहेर काढल्या होत्या. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून विचारायच्या, “किती घेऊन राहिली गं फॉलचे?” माझ्या तोंडून आकडाच फुटायचा नाही. ज्यांनी आईला हाताला धरून जेवायला बसवलं, त्यांना भाव कसा सांगायचा? मी ४० रुपये म्हणायचे, कधी “द्या काकू, काय द्यायचे ते.”

तिसऱ्या महिन्यात साड्या २० वर उतरल्या. कपाटं रिकामी झाली होती. त्या महिन्यात मला खरा धंदा किती आहे ते कळलं. म्हणून सांगते, दुःखानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांची विक्री पुढच्या अंदाजासाठी धरू नका. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही, पण त्यावर मशीन घेतलं असतं तर आम्ही बुडालो असतो.

बाबा घरखर्चाचाही रोजमेळ लिहायचे. त्यांच्याच वहीच्या कोऱ्या पानांवर मी लिहायला लागले. एका दुपारी घड्याळ लावून बसले. फॉल साधारण अडीच मीटर. खालची कड मशीनवर, वरची आई हातानं तुरपते. त्यातच ४० मिनिटं जातात. दोन्ही टोकांना पिको, इस्त्री, घडी धरून तास होतो. सुती फॉल २० रुपयांचा, दोरा ३ चा. म्हणजे ४० रुपयांत आईच्या तासाचे १७ रुपये उरत होते. तो आकडा बघून मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी ९० रुपयांचा भाव पुठ्ठ्यावर लिहून दाराशी लावला. लिहिलेला भाव सगळ्यांना सारखा असतो, तोंडानं सांगावा लागत नाही, एवढ्यानंच माझं निम्मं ओझं उतरलं. शेजारच्या काकूंनी पुठ्ठा वाचला, ९० रुपये मोजून दिले आणि काही बोलल्या नाहीत. दोघी-तिघी यायच्या थांबल्या. त्यांच्याशी बोलणं-चालणं आहे तसंच आहे.

कामाचं म्हणाल तर फॉल आदल्या रात्री भिजवाच. सुती फॉल आटतो, रंग सोडतो, आणि न भिजवता लावला तर पहिल्याच धुण्यात साडीच्या काठाला चुण्या पडतात. तलम कापडाला ९ किंवा ११ नंबरची सुई, जाड काठाला १४. महेश्वरी साडी आली की हात लावण्याआधी विचारा. तिचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, फॉल लावला की एक बाजू कायमची गेली. मी एकदा न विचारता लावला. त्या वहिनी रागावल्या नाहीत, पण फॉल उसवल्यावर सुईची भोकं दिसत राहिली. साडी घेताना ती गिऱ्हाइकासमोर पूर्ण उलगडा, डाग असेल, कुठे विरली असेल तर पावतीवर लिहा. ओळखीच्या घरी तर हे जास्तच पाळा.

पितृपक्षात काम जवळजवळ थांबतं, तेव्हा मशीनची दुरुस्ती काढतो. गौरी-गणपती, दिवाळी आणि लग्नसराईत झोप मिळत नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या साड्या आल्या की पहिल्या वर्षी आई गप्प व्हायची. त्या साड्या ती तुरपत होती, त्या घरांतून तिला बोलावणं नव्हतं. मी ते काम परत करू का विचारलं. ती म्हणाली, “काम आहे, राहू दे.” अशा वेळी कसं वागावं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. त्या आठवड्यात गिऱ्हाइकाशी मी बोलते, आई आतल्या खोलीत बसून शिवते.

२०२३ मध्ये अधिक श्रावण आला. लेकी-जावयांच्या वाणाच्या साड्यांनी खोली भरली, आणि ती कपाटातली जुनी लुगडी नव्हती, नवी होती, लांबच्या कॉलन्यांमधून, मी ओळखत नव्हते अशा बायकांनी आणलेली. दुसरं मशीन मी तेव्हा घेतलं.