घरच्या रेकॉर्डिंगसाठी व्हर्च्युअल ड्रम: सोपं सॉफ्टवेअर कसं निवडायचं

व्हर्च्युअल ड्रम सॉफ्टवेअर म्हणजे रेकॉर्ड केलेल्या ड्रमच्या आवाजांनी संगणकावर ठेका वाजवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या जाहिरातीत दोन आकडे ठळक असतात: किती किट (ड्रमचे संच) आणि किती जीबी. वापरण्याच्या सोपेपणाशी या दोन्हींचा फारसा संबंध नाही. डोक्यातला ठेका टाइमलाइनवर उतरायला किती वेळ लागतो, आणि उतरल्यावर तो माणसाने वाजवल्यासारखा वाटतो का, हे दोनच प्रश्न विचारा.

पण त्याआधी ठेका सॉफ्टवेअरमध्ये कसा भरणार ते ठरवा, कारण बाकीची निवड त्यावरच अवलंबून आहे. ड्रम वाजवता येत नसतील, तर तयार ग्रूव्हचा, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेल्या ठेक्यांचा, संग्रह हीच तुमची खरी गरज. आवाज चांगले आणि ग्रूव्ह मोजकेच असं सॉफ्टवेअर घेतलंत, तर प्रत्येक ठोका माउसने बसवावा लागेल. मिडी कीबोर्डवर (कोणता सूर किती जोरात दाबला ते संगणकाला कळवणारा कीबोर्ड) किंवा पॅडवर बोटांनी वाजवणार असाल, तर आवाज सुरांवर सोयीने मांडलेले असणं आणि लेटन्सी, म्हणजे बोट पडल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, कमी असणं महत्त्वाचं. इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट जोडणार असाल, तर तुमच्या मॉड्यूलचा (किटसोबतच्या पेटीचा) तयार मॅप, म्हणजे कोणत्या पॅडला कोणता आवाज याची मांडणी, सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते आधी बघा. नसेल तर पहिला दिवस जुळवाजुळवीतच जातो.

तयार ग्रूव्हवर काम करणाऱ्यांसाठी टूनट्रॅकचं ‘इझीड्रमर ३’ सोयीचं आहे. त्यात आपण ठेका टॅप करून दाखवला की ते जवळपासचे ग्रूव्ह शोधून देतं, आणि गिटारचा किंवा बेसचा ट्रॅक ओढून टाकला तर त्यावर बसतील असे ग्रूव्ह सुचवतं. एक्सएलएनचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स २’ त्याच पंक्तीतलं. त्यात प्रत्येक ड्रमचा आवाज बदलण्याची बटणं एकाच पडद्यावर हाताशी असतात. मॅकवर गॅरेजबँड किंवा लॉजिक वापरत असाल, तर त्यातला ‘ड्रमर’ ट्रॅक आधी पुरेपूर वापरून बघा. गॅरेजबँडमध्ये चौकोनातला ठिपका सरकवून वादन साधं-गुंतागुंतीचं आणि हळू-जोरकस करता येतं. नवशिक्याला याहून सरळ रचना क्वचितच मिळेल. मोफत पर्यायांत ‘एमटी पॉवर ड्रमकिट २’मध्ये ग्रूव्हही येतात, आणि ‘स्टीव्हन स्लेट ड्रम्स’ची मोफत आवृत्ती रॉकसाठी दणकट वाजते. टूनट्रॅकचंच ‘सुपीरियर ड्रमर ३’ मात्र पहिली खरेदी म्हणून घेऊ नये. त्याचा मूळ संग्रह सुमारे २३० जीबीचा आहे आणि माइकनिहाय नियंत्रणं इतकी, की मिक्सिंगची सवय नसलेला माणूस गाणं सोडून बटणांतच अडकतो.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरशी जुळणीचा मुद्दा छोटा आहे, पण ड्रमचं सॉफ्टवेअर तो चुकला तर उघडतच नाही. लॉजिक आणि गॅरेजबँडला एयू प्रकारचं प्लगिन (त्यांच्या आत उघडणारं जोड-सॉफ्टवेअर) लागतं, प्रो टूल्सला एएएक्स. क्यूबेस, रीपर, स्टुडिओ वन यांना व्हीएसटी३ चालतं. सॅम्पल, म्हणजे ड्रमच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या फाइल, एसएसडीवर ठेवा. फिरत्या हार्ड डिस्कवरून किट उघडायला वेळ लागतो आणि भराभर फिल (गाण्याचे दोन भाग जोडणारा ड्रमचा छोटा तुकडा) वाजताना आवाज तुटतो.

आता खरी परीक्षा. बहुतेक कंपन्या चाचणी आवृत्ती देतात; विकत घेण्याआधी तीवर चार गोष्टी करून बघा.

पहिली स्नेअरची. टेम्पो १०० ठेवा, एका मापात स्नेअरचे १६ ठोके बसवा आणि सगळ्यांची व्हेलॉसिटी (ठोक्याच्या ताकदीचा आकडा) १०० करा. सॉफ्टवेअरमधलं ‘ह्यूमनाइझ’ (ठोक्यांत आपोआप थोडा फरक करणारी सोय) बंद ठेवा. ठोके मशीनगनसारखे एकसाची ऐकू आले, तर प्रत्येक ताकदीसाठी एकच नमुना घेतलेला आहे. चांगल्या संग्रहात एकाच ताकदीच्या ठोक्याची अनेक रेकॉर्डिंग असतात आणि ती आलटून पालटून वाजतात. यालाच राउंड रॉबिन म्हणतात.

दुसरी ताकदीची. तेच १६ ठोके व्हेलॉसिटी २० पासून १२७ पर्यंत चढवत न्या. नुसता आवाज मोठा होत गेला, तर संग्रह उथळ आहे. खऱ्या स्नेअरवर हळू टिपरी पडली की आवाज मऊ आणि बसका येतो, जोरात पडली की कडाडतो. चढताना मध्येच एखादी पायरी धप्पकन जाणवली, तर वेगवेगळ्या ताकदीच्या रेकॉर्डिंगचे थर कमी आहेत.

तिसरी हाय-हॅटची, आणि सर्वांत जास्त वेळ हिलाच द्या. ऐकणाऱ्याला नकलीपणा किकपेक्षा हाय-हॅटमध्ये आधी कळतो, कारण ती अख्ख्या गाण्यात सतत वाजत असते. जनरल मिडीच्या मांडणीत (कोणत्या क्रमांकाच्या सुरावर कोणता ड्रम, हे ठरवणारी सर्वमान्य पद्धत) बंद हॅट ४२ वर, पायाने मिटलेली ४४ वर आणि उघडी ४६ वर असते. ४६ वाजवून लगेच ४२ वाजवा: उघड्या हॅटची लांबण तिथेच कापली गेली पाहिजे. दोन्ही एकमेकांवर वाजत राहिल्या, तर मॅप किंवा चोक गट (एक आवाज आला की दुसरा थांबवणारी जोडणी) चुकलेला आहे. बंद आणि उघडी यांच्या मधल्या, अर्धवट उघड्या पायऱ्याही असाव्यात. रॉकच्या कोरसमध्ये त्यांच्याशिवाय भागत नाही.

चौथी वेळेची. घड्याळ लावून २० मिनिटांत तुमच्याच एखाद्या गाण्याचे ड्रम बसवा: कडव्याला एक ग्रूव्ह, ध्रुवपदाला दुसरा, मध्ये एक फिल, शेवटी क्रॅश. मग प्रोजेक्ट सेव्ह करून बंद करा आणि पुन्हा उघडा. किट जसंच्या तसं परत आलं का, किती वेळात आलं, बघा. ग्रूव्ह ट्रॅकवर ओढून टाकल्यावर त्याचे मिडी ठोके एकेक करून बदलता येतात का, हेही याच वेळी तपासा. ते जमत नसेल, तर गाण्यातला एक नको असलेला ठोका काढायलाही तुम्ही अडून राहाल.

विकत घेतल्यावर हमखास भेटणाऱ्या अडचणी तीन. किकच्या जागी टॉम वाजतो, तेव्हा मॅप वेगळा असतो. जनरल मिडीत किक ३६, स्नेअर ३८, क्रॅश ४९, राइड ५१. इथे सुराच्या नावापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवा. ३६ क्रमांकाच्या सुराला एक सॉफ्टवेअर सी १ म्हणतं, दुसरं सी २, आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बोट आधी पडतं आणि आवाज मागून येतो, ती लेटन्सी. वाजवताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झला बफरपुरता उशीर साधारण २.९ मिलिसेकंद होतो. १०२४ वर हाच आकडा २३ च्या पुढे जातो आणि ठेका धरणं अशक्य होतं. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर वापरा. रेकॉर्डिंग संपलं की मिक्स करताना बफर ५१२ किंवा १०२४ करा, म्हणजे संगणकावरचा ताण उतरतो.

तिसरी अडचण, सगळं बरोबर असून ठेका निर्जीव वाटतो. आधी हात मोजा. ड्रमरला दोनच हात असतात, त्यामुळे क्रॅश, स्नेअर आणि हाय-हॅट हे तिन्ही एकाच क्षणी हातांनी वाजू शकत नाहीत. क्रॅशच्या ठोक्यावरची हॅट काढून टाका. मग हॅटचे ठोके एकाआड एक करा, ९५ आणि ७० च्या आसपास. स्नेअरच्या मुख्य ठोक्यांमध्ये २५ ते ४० व्हेलॉसिटीचे दोन-तीन हलके ठोके पेरा. क्वांटाइझ (ठोके तंतोतंत मात्रेवर ओढणारी सोय) १०० टक्के न ठेवता ८० ते ९० वर आणून ऐका. एवढ्याने बहुतेक ग्रूव्ह हलू लागतात.

मिक्सच्या बाबतीत एकच सावधगिरी. तयार प्रीसेटमध्ये कॉम्प्रेसर, इक्यू आणि खोलीचा घुमारा आधीच चढवलेला असतो. त्यावर मास्टरला पुन्हा कॉम्प्रेसर लावला की क्रॅश फसफसतो आणि किक मागे जाते. आधी प्रीसेटमधल्या खोलीच्या माइकचा आवाज कमी करून ऐका. नुसते ड्रम ऐकताना दणदणीत वाटणारा तो घुमारा गाण्यात गायकाच्या आवाजाची जागा खातो. पुढे किक आणि स्नेअरवर वेगळं काम करावंसं वाटलं, तर प्लगिनचे मल्टी-आउट चालू करून प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅक द्या. पहिल्या दोन-तीन गाण्यांना एक स्टीरिओ ट्रॅक पुरतो.