वाटेकरीच फितूर असेल तर? क्वांटम गुपितवाटणी तपासायची रीत

मी एमएस्सीच्या मुलांना क्वांटम माहितीशास्त्र शिकवते. बाहेरच्या चोराला कसं पकडायचं ते मुलांना पटकन जमतं. घरभेद्याकडे मात्र दरवर्षी दुर्लक्ष होतं. म्हणून हे सविस्तर.

मूळ पद्धत हिलरी, बुझेक आणि बर्टिओम यांची, १९९९ सालची. अनघाचं गुपित बंडू आणि चारू एकत्र आल्याशिवाय उघडू नये, बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं. अनघा तीन कणांची जीएचझेड अवस्था (तिन्ही कण एकमेकांत असे गुंतलेले की त्यांची मापनं जुळून येतात) तयार करते, एक कण स्वतःकडे ठेवते आणि एकेक दोघांना पाठवते. प्रत्येक जण एक्स किंवा वाय ही मापनदिशा स्वतःच्या मनाने, कसलाही क्रम न ठेवता निवडतो. उत्तर +१ किंवा −१. असं पुन्हा पुन्हा करायचं, प्रत्येक वेळ म्हणजे एक फेरी. तिघांची दिशा एक्स असेल तर तिन्ही उत्तरांचा गुणाकार +१ येतो. एक एक्स आणि दोन वाय असतील तर −१. बाकीच्या फेऱ्या, म्हणजे जवळपास निम्म्या, सोडून द्यायच्या. उरलेल्यांपैकी काही फेऱ्यांत सगळ्यांची उत्तरं विचारून हा गुणाकार तपासायचा. बाकी फेऱ्यांतल्या आपल्या उत्तरांनी अनघा नंतर गुपित झाकते; बंडू आणि चारूने आपापली उत्तरं जुळवली तरच ती उत्तरं कळतात.

आता एकट्यानेच गुपित काढायला बंडू वाटेत चारूचा कण अडवतो आणि तिला भलताच कण देतो. घाईने मोजलं, तर अनघाच्या दिशेचा त्याचा अंदाज निम्म्या वेळा चुकतो आणि तपासलेल्या फेऱ्यांपैकी सुमारे २५ टक्के फेऱ्यांत गुणाकार बिघडतो. हा बंडू सापडतो.

धीर धरणारा बंडू वेगळा. संगणकावर मी त्याची नक्कल केली तेव्हा एकही चूक दिसेना. दोन संध्याकाळी मी प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले. प्रोग्रॅम बरोबर होता, माझा विचारण्याचा क्रम चुकला होता. मी आधी सगळ्यांच्या दिशा विचारत होते. बंडूने दोन्ही कण न मोजता जपून ठेवले होते आणि चारूला दिलेल्या कणाशी गुंतलेला जोडीदार कणही त्याच्याकडेच होता. दिशा कळल्यावर त्याने निवांत मोजलं आणि जुळेल असं उत्तर सांगितलं. क्रमातला हा धोका कार्लसन, कोआशी आणि इमोतो यांनी १९९९ मध्येच दाखवला होता.

तेव्हा असं करा. कण पोहोचल्याची पावती दोघांकडून आल्यावरच तपासणीच्या फेऱ्या निवडा, आणि त्या अनघानेच निवडाव्यात. त्या फेऱ्यांत आधी उत्तरं विचारा, दिशा नंतर. ज्याने उत्तर आधी सांगितलं त्याने दिशा शेवटी सांगायची. पहिला कोण, हे दर फेरीला नाणं उडवून ठरवा. अनघाने आपली दिशा आणि उत्तर तोवर मुठीत झाकून ठेवावं.

उपयोगी फेऱ्या किती तपासायच्या? २० तपासल्या, तर घाई करणारा बंडू हजारात तीनदा निसटतो. ५० तपासल्या, तर दहा लाखांत एकदाही नाही. मी ५० खाली जात नाही. उपकरणाची स्वतःची चूक आधी मोजून ठेवा, नाहीतर प्रत्येक बिघाडाचं खापर तिच्यावर फुटतं. तपासणी फसली तर सगळ्या फेऱ्या फेकून द्या. गुपित अजून अनघाकडेच आहे.

एक वाट मात्र या तपासणीने बंद होत नाही. शेवटी गुपित जुळवताना बंडू आपला वाटा खोटा सांगू शकतो. त्यासाठी अनघाने गुपिताला पडताळणीचा कोड जोडून द्यावा. मग चारूला खरं गुपित मिळालं नाही, तरी हाती आलेलं खोटं आहे हे तिला लगेच कळतं.