चिठ्ठीशिवाय तबकडी घरी आणू नका

गोव्यात फोंड्याला माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. १९८६ साली एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरून रेडिओग्राम (रेडिओ आणि ग्रामोफोन एकत्र असलेलं यंत्र) दुरुस्तीला आला. त्याच्या खालच्या कप्प्यात अकरा तबकड्या राहिल्या होत्या. परत द्यायला गेलो तर बाई म्हणाल्या, "दवर तुजेकडेच." (ठेव तुझ्याकडेच.) मी वाढलो नाट्यपदांवर आणि देवळातल्या भजनावर. त्या रात्री पहिल्यांदा जॅझ ऐकलं. ट्रम्पेटवाला चालीपासून सुटला, कुठे कुठे हिंडला आणि नेमका जागेवर येऊन पडला. हा माणूस समेवर येतो, एवढं मला कळलं. तेवढं पुरेसं होतं.

आता माझ्याकडे चारशेच्या आसपास तबकड्या आहेत. नव्याने जमवायला लागलेली मुलं दुकानात येतात आणि विचारतात, सुरुवात कुठून करू? त्यांना मी सांगतो, घरातल्या जुन्या हिंदी सिनेमाच्या तबकड्यांपासून कर.

याचं कारण इथलंच आहे. आपल्या इग्रजींच्या, म्हणजे चर्चच्या, शाळांत मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकवायचे, हातात व्हायोलिन द्यायचे. स्वरलिपी वाचता येणारी ही मुलं पोटासाठी मुंबईला गेली आणि हॉटेलांच्या बँडमध्ये शिरली. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमध्ये आला. मागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्याकडून आपल्या लोकांनी जॅझ उचललं. हळदोण्याचा अँतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' झाला आणि लोक त्याला अमेरिकेच्या नामांकित ट्रम्पेटवाल्यावरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवता वाजवता सिनेसंगीतात गेला आणि पुढे त्याने 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. रात्री हॉटेलात वाजवणारे हेच लोक दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला बसायचे. 'अलबेला' (१९५१) मध्ये सी. रामचंद्रांच्या गाण्यात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतोसुद्धा.

पण तबकडीचं लेबल वाचून बघा. गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, चित्रपटाचं नाव. ट्रम्पेट कोणाचं, सॅक्सोफोन कोणाचा, वाद्यमेळ कोणी लिहून दिला, यातलं बहुतेक वेळा काहीच नाही. हे मला आजही सलतं. सेबास्तियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी लिहिलेला वाद्यमेळ सगळ्या देशाने ऐकला, पण त्या लेबलांवर त्यांना शोधून बघा. म्हणून माझा नियम असा: तबकडी आली की तिच्याबरोबर गोष्ट आली पाहिजे, आणि ती गोष्ट चिठ्ठीवर लिहून कव्हरात गेली पाहिजे.

आधी तबकडीचं सांगतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जुनं फर्निचर घेणाऱ्यांकडे, विकायला काढलेल्या घरांत तबकड्या मिळतात. घरात दुःख ताजं असेल तर जाऊ नका, वर्षभर थांबा. हातात आली की उजेडाखाली तिरकी धरून बघा. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर सुईही अडकणार. मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी असेल तर मधल्या भोकाशी बोटाचं टोक टेकवून तोला आणि कडेला हलकी टिचकी मारा, माठ घेताना मारतो तशी. आवाज बद्द आला तर केसाएवढी चीर गेलेली आहे. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला आकडा उतरून घ्या, तो मॅट्रिक्स नंबर. लेबल फाटलं तरी तो राहतो आणि तबकडीची ओळख त्यावरून पटते.

७८ची तबकडी लाखेची असते, लाख आणि दगडाची भुकटी. सुतार लाखेचं पॉलिश कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, तरी सुरुवातीच्या दिवसांत घाईत मी एक तबकडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा झाला आणि त्या जागचा आवाज गेला. ती टेडी वेदरफर्डची होती. तो १९४५ साली कलकत्त्यात वारला. त्याची दुसरी तबकडी मला अजून मिळालेली नाही. तेव्हा लाखेला स्पिरिट अजिबात नको. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड. खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुन्हा पुसून ताटांच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळवायची. एलपीला, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीलाही, हीच पद्धत.

सुई वेगळी लागते, हे ग्राहकाला पटवायला मला फार वेळ लागतो. ७८ची खाच रुंद, एलपीची तिच्या साधारण एक तृतीयांश. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी ठेवलीत तर एका वेळेत तिची वाट लागेल, त्याचं डोकं तेवढं जड असतं.

टर्नटेबलचा वेगही तपासून घ्या. पण कधी कधी दोष यंत्रात नसतो. जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) या एलपीच्या जुन्या प्रतींची पहिली बाजू किंचित चढ्या सुरात वाजते, कारण त्या दिवशी मुद्रण करणारं यंत्र थोडं हळू चाललं होतं. १९९२ साली ते दुरुस्त झालं. माझ्या जुन्या प्रतीशी पेटीचा सूर जुळेना, तेव्हा मी दोन दिवस मोटर उघडून बसलो होतो.

पावसाळ्याची तयारी पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायच्या, दिवसांतच करा. सुकी मासळी, मिरच्या भरतो तेव्हाच. तबकड्या उभ्या ठेवायच्या, एकीवर एक रचायच्या नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. कागदाची पाकिटं बरी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, खाली सिलिका जेलच्या पुड्या. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की एकेक काढून बघायची. उन्हात मात्र ठेवू नका, एलपीचा पापड होतो.

आता गोष्टी. त्यांना तबकड्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हाताऱ्या वादकाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका, तबकडी आणि वाजवायचं यंत्र घेऊन जा. दारू नेऊ नका. बाटलीवर मिळालेली गोष्ट दुसऱ्या दिवशी बदलते, आणि त्याच्या घरच्यांना तुम्ही पुन्हा नको असता. कोंकणीत बोला, मेस्ता म्हणा. आधी तबकडी लावा आणि गप्प बसा. "तुमच्या काळात सगळ्यात मोठा कोण?" असं विचारलंत की ठरलेलं भाषण येतं. त्याऐवजी विचारा: तुमच्या डाव्या बाजूला कोण बसायचं? स्वरलिपीचा कागद कोणी लिहिलेला? रात्री परत कशाने यायचात? खोली कुणाबरोबर होती? मुंबईच्या कुडांची, म्हणजे गावागावांच्या क्लबांची नावं निघाली की माणसं आपोआप निघतात.

सासष्टी तालुक्यात एका मेस्ताकडे मी सिनेमाची एक ७८ घेऊन गेलो होतो. त्यातलं ट्रम्पेट चिक चॉकलेटचं, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत होतो. त्यांनी तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बोट वर केलं आणि म्हणाले, "तो न्हय. म्हजो भाव तो." शेवटचा सूर सोडताना भाऊ किंचित खाली घसरायचा, लहानपणी मेस्ताचा मार खाऊनही ती सवय गेली नाही. मी पुन्हा ऐकलं. सूर घसरत होता.

मग खरं कोणतं? चिठ्ठीवर दोन्ही लिहिलंय. माझ्या चिठ्ठीत चार ओळी असतात: काय सांगितलं, कोणी, कधी, आणि सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं. चौथी ओळ कधी सोडू नका. एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या ट्रम्पेटवाल्यांच्या नावावर मी ऐकलेली आहे. खुद्द आर्मस्ट्राँग जन्मभर सांगत आला की आपला जन्म ४ जुलै १९०० चा. तो गेल्यावर न्यू ऑर्लिन्सच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत ४ ऑगस्ट १९०१ सापडलं. आपल्या इग्रजींतही वह्या आहेत. गाव आणि घराणं कळलं तर पाद्रींना नम्रपणे विचारता येतं. पण जुनी गोष्ट खोटी ठरली म्हणून फेकू नका, खाली नवी ओळ जोडा. बडी बोल्डनची तर एकही तबकडी सापडलेली नाही. जॅझच्या त्या पहिल्या कॉर्नेटवाल्याचं आज जे काही हाती आहे ते लोकांच्या आठवणींतून आणि कागदपत्रांतून आलेलं आहे.

देवाणघेवाण करताना गोष्टीला गोष्ट द्या. समोरच्याने कुडचड्याची सांगितली तर तुम्ही माजोर्ड्याची सांगा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणाऱ्या अँथनी गोन्साल्विसांची. व्यसनाच्या आणि भांडणाच्या गोष्टी मी लिहून ठेवतो, पण अदलाबदलीत देत नाही. त्यांची नातवंडं याच गावांत राहतात.

आणि चिठ्ठीची एक प्रत, शक्य असेल तर ध्वनिमुद्रणासह, त्या वादकाच्या घरी पोचवा. गेल्या चवथीनंतर मी अशी नऊ पाकिटं दिली. दोन राहिलीत, एक कुडतरीला आणि एक लोटलीला.