बाटली सोडा, आधी बर्फाकडे बघा! घरी कॉकटेल करताना या चुका टाळा

आमच्या किचनच्या सिलिंगवर एक हिरवट डाग आहे, वरून रंग मारला तरी नीट बघितलं की दिसतोच. तो मोहितोचा आहे. नवऱ्याच्या ऑफिसची मंडळी पहिल्यांदा घरी येणार होती आणि मी ठरवलं होतं की आज नुसतं रम-कोक नाही, काहीतरी भारी करायचं, मग नवा शेकर आणला, रात्री जागून व्हिडिओ बघितले आणि पाहुणे समोर बसलेले असताना रम, लिंबू, पुदिना, साखर आणि वरून सोडा असं सगळं शेकरमधे ओतून दणादण हलवायला घेतलं. झाकण उडालं, पुदिना वर चिकटला आणि उरलेलं माझ्या कुर्त्यावर.

तर पहिली गोष्ट तीच. सोडा, टॉनिक, लिम्का, बिअर, म्हणजे बुडबुडे असलेलं काहीही शेकरमधे घालायचं नाही. आधी बाकीचं हलवून गाळून घ्यायचं आणि सोडा ग्लासात सगळ्यात शेवटी.

पण खरं सांगायचं तर सिलिंग वाचलं असतं तरी ते मोहितो वाईटच झाले असते. साखर दाताखाली करकरत होती, पुदिना कडू लागत होता आणि साडेनऊला बर्फ संपला. त्यानंतर बरंच काही करून बघितलं आणि आता मला असं वाटतं की घरचं कॉकटेल दारूमुळे क्वचितच बिघडतं. लोक तीन हजाराची जिन आणतात आणि बर्फ, लिंबू, साखर या फुकटच्या गोष्टी समजून तिथे ढिलाई करतात. मी पण केलीये.

बर्फ, बर्फ आणि बर्फ

आपल्याकडे फ्रीजमधे दोन ट्रे असतात आणि आठ पाहुणे येणार असतात. यात भागत नाही हो. शेकरमधे वेगळा बर्फ लागतो, ग्लासात वेगळा, आणि शेकरमधला एकदा वापरला की तो टाकायचा असतो. मी आता माणशी किलोभर धरते. दोन दिवस आधीपासून ट्रे रिकामे करून पिशवीत भरत जायचं नाहीतर सरळ पॅकबंद खायचा बर्फ मागवायचा. मासळीबाजारातली लादी आणू नका. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा असा नियम महाराष्ट्रात २०१८ मधे आला तो याचसाठी, बर्फ निळसर दिसला की तो पेयात घालायचा नाही.

दुसरी भानगड वासाची. बर्फ फ्रीझरमधले वास ओढून घेतो. आमच्याकडे वरच्या कप्प्यात कायम सुके बोंबील असतात (सासर मालवणचं, इलाज नाही) आणि एकदा जिन-टॉनिकला असा काही सुगंध आला की एका पाहुण्याने विचारलं ही कुठली क्राफ्ट जिन. बर्फ झाकणाच्या डब्यात ठेवायचा, बस.

आणि सगळ्यात उलटा समज म्हणजे "बर्फ कमी घाल, पाणचट होईल". होतं नेमकं उलटं, दोनच खडे टाकले तर ते पेय थंड करता करता स्वतः विरघळून जातात आणि हातात कोमट पाणचट काहीतरी येतं. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला की पेय पटकन थंड होतं आणि बर्फ टिकतो. मोठा खडा अजून हळू विरघळतो, त्यासाठी साच्यावर पैसे घालायची गरज नाही, आमटीच्या छोट्या वाट्यांमधे पाणी लावा आणि काढताना वाटी उलटी करून नळाखाली चार सेकंद धरा. बर्फाच्या भांड्यात तळाशी पाणी साचतं ते पण शेकरमधे जातं, म्हणून मी भाजी धुवायच्या जाळीत बर्फ ठेवते आणि खाली पातेलं. दिसायला पार्टीचं वाटत नाही पण काम होतं.

तरीपण थोडं पाणी हवंच असतं बरं का! शेक करताना बर्फ विरघळून साधारण चौथा हिस्सा पाणी त्यात जातं आणि त्यानेच दारूचा चटका कमी होतो. म्हणून दोनदा टुकटुक हलवून ओतू नका, १२-१५ सेकंद जोरात, शेकर बाहेरून पांढरा पडून हाताला झोंबेपर्यंत.

लिंबाचं गणित

इंटरनेटवरच्या रेसिपीत "हाफ लेमन" लिहिलेलं असतं आणि आपण आपलं अर्धं लिंबू पिळतो. त्यांचं लेमन म्हणजे ते मोठं पिवळं जाड सालीचं, आपलं कागदी लिंबू वेगळंच, लहान आणि जास्त आंबट. एका लिंबात १० ते १५ मिली रस निघतो, उन्हाळ्यात बाजारात जी सुकलेली गोटी मिळते त्यात तेवढाही नाही. त्यामुळे लिंबं मोजू नका, रस मोजा. हिशोब करा, आठ जण, प्रत्येकी दोन ग्लास, ग्लासाला २० मिली, म्हणजे ३२० मिली रस, म्हणजे २५-३० लिंबं. मी त्या पहिल्या पार्टीला सहा आणली होती.

रस त्याच दिवशी संध्याकाळी काढायचा, तीन-चार तास आधी चालतो, आदल्या रात्रीचा कडवट लागतो. बाटलीतला तयार रस तर नकोच, अख्खी पार्टी फ्लोअर क्लीनरसारखी लागते. आणि पिळताना साल निर्दयपणे चिरडू नका, कडूपणा तिथूनच येतो. सजावटीला सालीचा तुकडा हवा असेल तर कागदी लिंबाची साल फार पातळ, निघतच नाही. संत्र्याची किंवा मोसंबीची घ्या, आतला पांढरा भाग खरवडून टाका आणि ग्लासावर दुमडून दाबा म्हणजे तेल उडतं, खरा वास त्या तेलाचाच असतो.

पाक करा, पण गुलाबजामचा नाही

साखर थंड दारूत विरघळत नाही. कितीही ढवळा, तळाशी बसते आणि शेवटचा घोट सरबत होतो. म्हणून पाक लागतो आणि इथे आपल्या मराठी बायका (मी पण) हमखास फसतात कारण हात आपोआप एकतारीकडे जातो. तो पाक थंड झाला की मधासारखा घट्ट होतो, मापात येत नाही, कडेने खडे धरतो आणि सगळं गोडमिट्ट करून टाकतो. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. उकळी फुटायची पण वाट बघायची नाही. पूर्ण थंड करून बाटलीत भरला तर फ्रीजमधे दोन-तीन आठवडे आरामात टिकतो. गरम पाक शेकरमधे घातला तर बर्फाची वाट लागते, हेही करून झालंय.

मध तसाच ओतला तर बर्फाला लागून गोळा होतो, आधी तेवढ्याच कोमट पाण्यात सैल करा. आणि कोल्हापूरकडची काकवी मिळाली तर सोडू नका. डार्क रम ६० मिली, काकवी एक चमचा थोड्या गरम पाण्यात पातळ करून, अँगोस्टुरा बिटर्स (मसाल्यांचा कडवट अर्क) असेल तर दोन थेंब, मोठा बर्फ, संत्र्याची साल, आणि नुसतं चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं. रम पण उसाचीच लेक, त्यामुळे हे दोघं एकमेकांना बरोबर ओळखतात.

अंदाजपंचे

"मी काय मोजत नाही, हात बसलाय" म्हणणारा एक भाऊजी प्रत्येक घरात असतो. त्याच्या हातचा पहिला ग्लास मस्त होतो, तिसरा पिववत नाही. पेगच्या बाबतीत ३० मिली आणि ६० मिली आपल्याला पाठ असतात, पण आंबट-गोडात ५ मिलीने पण फरक पडतो. जिगर (दारू मोजायचं छोटं माप) नसेल तर केकवाल्या मापाच्या चमच्यांचा सेट घ्या, मोठा १५ मिली, छोटा ५ मिली. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण पण चालतं, फक्त धुवून घ्या, मी सांगतेय ना.

सुरुवातीला एकच माप पाठ करा, ६० मिली दारू, २० मिली लिंबू, २०-२२ मिली पाक. जिन घातली की गिमलेट, व्हाइट रम घातली की डायकिरी, व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. तीन कॉकटेलं आली की हो तुम्हाला! लिंबू असेल तर हलवायचं, नुसत्या दारवाच असतील तर ढवळायचं, याच्यापेक्षा जास्त थिअरी घरी लागत नाही.

व्हिस्की सावरवर फेस हवा असतो, त्यासाठी अंड्याचा पांढरा भाग वापरतात, पण आपल्याकडे चौघात एक तरी शाकाहारी असतोच, तेव्हा छोले उकडल्यावर जे घट्टसर पाणी उरतं ते २० मिली घ्या, मीठ न घालता उकडलेले हवेत. आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून. फेस छान येतो आणि छोल्यांचा वास लागत नाही, खरंच.

फेणी म्हणजे व्हाइट रम नाही

गोव्याहून येताना बाटली आणलेली असते, मग कोणीतरी म्हणतं रमच्या ऐवजी हीच घालू मोहितोत. नको. काजूच्या फेणीचा वास इतका दांडगा की पुदिना बिचारा कुठल्या कुठे. २००९ मधे तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ते अशाच स्वभावासाठी, तिच्यासमोर तेवढंच ठसकेबाज काहीतरी उभं करायला लागतं. माझं ठरलेलं, फेणी ४५ मिली, कोकम आगळ १५ मिली, पाक २० मिली, उभी चिरलेली हिरवी मिरची अर्धी, बर्फ, वर सोडा. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे आगळाऐवजी अमृत कोकम घालणं, त्यात साखर आधीच असते, मग पाक घालायचा नाही. दुसरी म्हणजे ग्लासाच्या काठाला हौसेने मीठ लावणं, आगळात मीठ असतं, पहिल्या घोटातच तोंड खारट होतं. लिंबू पण नको, कोकम पुरेसं आंबट आहे.

उर्राक वेगळी. ती पण काजूच्या रसाचीच, पण एकदाच गाळलेली, म्हणून फेणीपेक्षा बरीच हलकी आणि साधारण मार्च ते मे एवढीच मिळते. तिचं कॉकटेल करायच्या भानगडीत पडू नका, लिम्का, लिंबू, मिरची, चिमूटभर मीठ, झालं. गोवेकर शहाणे आहेत.

बिघडलंच तर

फार आंबट झालं तर पाक, पाण्याने काही होत नाही. फार गोड झालं तर लिंबाचे थेंब, आणि तरीही बोथट वाटलं तर अगदी चिमूटभर मीठ. पाणचट झालं तर ते वाचत नाही, वर टॉनिक घालून लांब ग्लासात द्या आणि गप्प बसा. पुदिना कडू लागतोय म्हणजे तुम्ही तो खलबत्त्यात ठेचल्यासारखा ठेचलाय, पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची, तेवढ्याने वास सुटतो. दूध किंवा क्रीम असलेल्या पेयात लिंबू पडून फाटलं तर त्याला उपाय नाही, पनीर म्हणा आणि ओता. सोडा मिळमिळीत वाटतोय म्हणजे दोन लिटरची बाटली तासभर उघडी होती, छोट्या बाटल्या आणा आणि आधीपासून गार ठेवा. मार्टिनी किंवा नेग्रोनी कुबट लागतेय तर त्यातली व्हरमूथ बघा, ती मुळात वाइन आहे, उघडल्यावर फ्रीजमधे ठेवायची आणि महिना-दोन महिन्यात संपवायची, शोकेसमधे वर्षभर नाही.

शेकरचं झाकण घट्ट बसणं हा कॉमन त्रास. थंडीने धातू आवळतो. टेबलावर आपटू नका, वरच्या भागाला कोमट ओला कपडा गुंडाळून दहा सेकंद धरा आणि फिरवा. शेकरच नसेल तर लोणच्याची घट्ट झाकणाची बरणी चालते, लोणच्याचा वास गेलेली.

यजमान किचनमधेच अडकणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि मी ती तीन पार्ट्या केली. आठ लोकांना आठ वेगळी कॉकटेलं विचारत बसलं की आपण बारमन होतो, गप्पा बाहेर चालू आणि आपण आत शेकर धुतोय. आता मी एकच प्रकार ठरवते आणि बाटलीतच करून ठेवते. आठ गिमलेट म्हणजे जिन ४८० मिली, लिंबू १६० मिली, पाक १७० मिली, आणि शेक करणार नाही म्हणून बर्फाचं जे पाणी गेलं असतं त्यातलं बरंचसं पण मोजून, १६० मिली. लिटरच्या बाटलीत बरोबर मावतं. फ्रीजमधे ठेवायचं, फ्रीझरमधे नाही, नुसती जिन गोठत नाही पण यात पाणी एवढं असतं की खिमटी होते. पाहुणे आले की नुसतं ओतायचं.

न पिणाऱ्यांना कोपऱ्यात कोल्ड्रिंकची बाटली देऊ नका. तेच आगळ, तोच पाक, तीच मिरची, तोच लांब ग्लास, फेणी वजा. माझ्या सासूबाईंना हे एवढं आवडतं की त्या आता दुपारी पण मागतात. आणि पिणाऱ्यांना ग्लासात किती आहे ते आधीच सांगून टाका, आंबटगोडात दारू कळत नाही आणि दोन गिमलेट म्हणजे दोन लार्ज होतात, गाडीची चावी कोणाकडे आहे ते पहिल्या ग्लासाच्या आधी विचारायचं. महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ लागतं आणि परमिट पण, एका दिवसाचं दुकानातच मिळतं, बाटली घेताना तेवढं घेऊन ठेवा. कॅलेंडरमधे ड्राय डे पण बघा, आम्ही एकदा आठ जणांना बोलावून बसलो होतो आणि घरात ३० लिंबं, आठ किलो बर्फ आणि दारूचा थेंब नाही.