जुन्या मॅसीच्या लिफ्टवर ओझं उचलायचं असेल तर

नांगरट आणि रोटाव्हेटर नव्या ट्रॅक्टरकडे गेले की दारातला जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ उरतो तो किरकोळ उचलाउचलीला. विहिरीवरचं इंजिन हलवायचंय, बागेचे खांब बांधापर्यंत न्यायचेत, कांद्याच्या गोण्या चाळीपाशी टाकायच्यात. मागच्या हायड्रॉलिक लिफ्टला बूम (टोकाला हुक असलेला लांब लोखंडी दांडा) किंवा लोखंडी बॉक्स जोडला की ही कामं होतात, आणि बरी होतात. पण "याची लिफ्ट अकराशे किलोची आहे" या भरवशावर कुणी बूमला पाचशे किलोचं धूड टांगलं, तर लिफ्ट ते मुकाट उचलेल आणि ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडे होईल.

म्हणून आधी हे समजून घ्या की लिफ्टची ताकद आणि ट्रॅक्टर सांभाळू शकेल ते ओझं, हे दोन वेगळे आकडे आहेत. ११०० किलो हा आकडा खालच्या दोन आर्मच्या टोकांशी मोजलेला असतो. बूमचं हुक त्याच्याही मागे मीटर-दीड मीटर असतं.

ही लिफ्ट नांगरासाठी बनली

हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने १९२०च्या दशकात तीन जागी पकडणारी ही जोडणी बसवत आणली. १९३९च्या फोर्ड ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणावर बाजारात आली, १९४६ ते १९५६ या काळात टीई २० या ट्रॅक्टरवर पाच लाखांहून जास्त संख्येने गेली, आणि पुढे मॅसी ३५ वरून आपल्याकडच्या, चेन्नईच्या टॅफेने बनवलेल्या १०३५ वर आली. त्यातली खुबी अशी की नांगर जमिनीत ओढला जात असताना त्याचा वरचा भाग पुढे रेटला जातो, टॉप लिंक, म्हणजे वरचा मधला दांडा, दाबली जाते आणि तो दाब ट्रॅक्टरचं नाक खाली धरून ठेवतो. त्या काळात नांगर खडकाला अडकला की ट्रॅक्टर मागे उलटून माणसं मरत. त्यावरचा हा उपाय होता.

बूमला ओझं टांगलं की नेमकं उलट होतं. जमिनीत काहीच रुतलेलं नाही, त्यामुळे रेटा नाही. ओझं खाली ओढतं, बूमचं डोकं मागे कलतं आणि टॉप लिंक ताणली जाते. बैलगाडी उलाळ भरली की जू वर उचललं जातं, तसं पुढचं टोक हलकं होत जातं. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर खूश होऊ नका. पुढची चाकं जमिनीवरची पकड सोडायला लागलीत.

आधी भुईकाट्यावर जा

बूम न जोडता ट्रॅक्टर भुईकाट्यावर न्या. एकदा पूर्ण वजन घ्या, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. मग टेपने दोन अंतरं मोजा: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून हुकापर्यंत.

१०३५ चं वजन साधारण १७०० किलो आणि दोन चाकांमधलं अंतर साधारण १.८३ मीटर असतं. तुमच्या पुढच्या चाकांवर ६०० किलो भरले असं धरू. हुक मागच्या चाकाच्या मध्यापासून २.२ मीटरवर आहे. हुकाला २०० किलो टांगले तर पुढचा भार २०० गुणिले २.२ भागिले १.८३, म्हणजे २४० किलोने कमी होतो. बूमचं स्वतःचं वजन विसरू नका: ६० किलोचा बूम, त्याचा मध्य दीड मीटरवर, म्हणजे आणखी ४९ किलो गेले. उरले ३११. सर्वसाधारण नियम असा की ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. १७०० चा पाचवा हिस्सा ३४०. म्हणजे अकराशे किलोची लिफ्ट असूनही या बूमवर दोनशे किलो जास्त होतात. दीडशेला ३७१ उरतात, ते चालेल.

तेच २०० किलो बॉक्समध्ये, ट्रॅक्टरला चिकटून, मध्य १.३ मीटरवर येईल असे ठेवले तर पुढून फक्त १४२ किलो जातात. त्यामुळे पाण्याने भरलेलं दोनशे लिटरचं पिंप बूमला टांगायचं नाही, बॉक्समध्ये ठेवायचं. माझं मत विचाराल तर दहातल्या आठ कामांना बूम लागतच नाही. बॉक्स पुरतो, आणि बॉक्समधलं ओझं झुलत नाही.

बूमवर जास्त न्यायचंच असेल तर पुढे वजनं लावा. बंपरवर, पुढच्या चाकांच्या अर्धा मीटर पुढे टांगलेले ५० किलो पुढच्या चाकांवर ६४ किलोंचं काम करतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरून याचा काही उपयोग नाही. ते वजन मागच्या ॲक्सलवरच बसतं, पुढे काही येत नाही. आणि बंपरवर दोन पोरं बसवणं हा उपाय गावात सर्रास दिसतो, पण पोरं ही वजनं नव्हेत.

लिफ्टची नाडी बघा

चाळीस वर्षांच्या लिफ्टवर विश्वास टाकण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. गिअरबॉक्स आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं. त्याची पातळी बघा, तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, ते बदला. मग एखादं अवजार, फणाचा कल्टिव्हेटर चालेल, अर्ध्यावर उचलून इंजिन चालू ठेवा आणि मागे नजर ठेवा. अवजार थोडं खाली येतं, लिफ्ट त्याला पुन्हा वर ओढते, पुन्हा खाली, पुन्हा वर. अशी मान डोलवायला लागली तर आतून तेल कुठेतरी गळतंय: सिलिंडरच्या सीलमधून किंवा पंपाच्या व्हॉल्व्हमधून. क्वचित एखादा हेलकावा चालतो. दर काही सेकंदांनी होत असेल तर आधी मिस्त्रीकडे, मग बूम. इंजिन बंद करूनही बघा. अवजार बघता बघता जमिनीला टेकलं तर निकाल तोच.

टॉप लिंक जिथे ट्रॅक्टरला अडकते तिथे आत एक जाड स्प्रिंग असते. तो कान हाताने पुढे-मागे हलवा. खडखड वाजायला नको. ढिला असेल तर लिफ्ट उगाच वर-खाली करते.

जोडताना

१. सपाट जागा, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावा. पुढची चाकं हलकी असताना एकाच बाजूचा ब्रेक लागणं नको.

२. आधी डावा आर्म, मग उजवा. उजव्या बाजूला उंची कमी-जास्त करायचा हँडल असतो म्हणून तो शेवटी जुळवता येतो. टॉप लिंक सर्वांत शेवटी.

३. या ट्रॅक्टरला खाली २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकला १९ मिलिमीटरच्या पिना लागतात. हार्डवेअरच्या दुकानातला आटे पाडलेला बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालू नका. नांगराला तो दिवस काढतो, टांगलेल्या ओझ्याला नाही. प्रत्येक पिनेला क्लिप हवीच.

४. टॉप लिंकवर आता ताण येणार आहे. दोन्ही टोकांचे आटे नळीत भरपूर आत असले पाहिजेत. पाइप कापून वेल्डिंग केलेली घरगुती टॉप लिंक या कामाला नको.

५. दोन्ही बाजूंच्या चेक चेन, म्हणजे आर्म आडवे हलू न देणाऱ्या साखळ्या, आवळा. अवजाराला थोडा खेळ लागतो, ओझ्याला अजिबात नको.

६. दोन लिव्हरपैकी ड्राफ्टचा लिव्हर पूर्ण वर ठेवून द्या आणि सगळं काम पोझिशनच्या, म्हणजे आर्म ठरावीक उंचीवर धरणाऱ्या, लिव्हरने करा. ड्राफ्ट कंट्रोल टॉप लिंकवरच्या जोरावर चालतो, त्याच्या भरवशावर ओझं टांगलं तर ते मनाला येईल तसं हलेल.

उचलताना आणि नेताना

साखळी किंवा पट्टा हुकात अडकवा, हुकाला कुलूपपट्टी असू द्या. इंजिन मध्यम वेगावर. लिव्हर हळूहळू वर घ्या, ओझं जमिनीपासून चार बोटं उठलं की थांबा आणि पुढच्या चाकांकडे बघा. टायरचा तळ जमिनीवर अजून पसरलेला दिसतोय का? जोडीदाराला स्टिअरिंग थोडं फिरवायला सांगा. चाक जमिनीला घासत, जोर लावून फिरलं तर ठीक, तरंगल्यासारखं फिरलं तर ओझं खाली.

लिव्हर वर नेऊनही काही हलत नसेल आणि मागून किरकिर, सूंसूं असा आवाज आला, तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडलाय. लिव्हर लगेच खाली घ्या. ओढत बसलात तर पंपाचं नुकसान. "कॉन्स्टंट पंपिंग" ही लिव्हरच्या पट्टीवरची वरची खूण ट्रॉलीच्या जॅकसाठी आहे, इथे तिच्यात जाऊ नका.

सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की पंपही थांबतो. टीई २० वर तर पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा) लिव्हर जोडल्याशिवाय लिफ्ट चालतच नसे. ड्युअल क्लचवर अर्धा दाबला तर फक्त चाकं थांबतात, पूर्ण दाबला तर पंपसुद्धा. तुमचा कोणता आहे ते ओझं नसताना तपासा. आणि ही लिफ्ट एकाच बाजूने जोर लावते: वर ढकलते, खाली येतं ते ओझ्याच्या वजनाने.

चालताना ओझं जमिनीपासून वीतभर, पहिला लो गिअर. ओझ्याला एक दोर बांधून कुणाला तरी बाजूने, चाकापासून लांब चालायला सांगा, म्हणजे ते झुलणार नाही. चढ असेल तर उलट्या गिअरने चढा, उतार सरळ उतरा. दोन्ही वेळा ओझं चढाच्या बाजूला राहतं आणि पुढची चाकं भारलेली राहतात. बांधावरून तिरकं जाणं तर विसराच.

उचललेल्या ओझ्याखाली हात घालायचा असेल, साखळी सोडवायची असेल, तर आधी खाली लाकडी ठोकळे ठेवून ओझं त्यावर टेकवा. तेलाच्या दाबावर थांबलेलं ओझं कधीही खाली येऊ शकतं.

खुंट ओढायला हे वापरू नका

बूम लागलेला दिसला की कुणीतरी म्हणणार, "त्या बाभळीचा खुंट काढ की." साखळी बूमला किंवा टॉप लिंकच्या कानाला बांधून क्लच सोडला की मागची चाकं जागेवर अडकतात आणि इंजिन ट्रॅक्टरचं धूडच त्यांच्याभोवती वर फिरवतं. पाऊण सेकंदात तो सावरण्यापलीकडे जातो, क्लचवर पाय जाईपर्यंत वेळ संपलेली असते. ओढायचं ते फक्त खालच्या ड्रॉबारला बांधून, आणि खुंट मोठा असेल तर जेसीबीवाल्याला दोन तासांचे पैसे द्या.

पुढच्या लोडरचाही मोह होतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या १०३५ वर तो लावला की पुढचा ॲक्सल, त्याची मधली पिन आणि तुमचे खांदे यांच्यावर सगळा भार येतो. लावायचाच तर मागे लिफ्टवर वजनाचा बॉक्स भरून ठेवा आणि किंगपिनचे (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिनांचे) बुश आधी बदलून घ्या.

काम झालं की बूम जमिनीवर टेकवा, मग इंजिन बंद करा, लिव्हर खाली ठेवा, आणि बूम उतरवूनच ट्रॅक्टर गोठ्याकडे न्या. मागे दीड मीटर लोखंड बाहेर काढून वळताना सर्वांत आधी सापडतो तो गोठ्याचा खांब.