आवाज कानात कुठे अडतो, हे घरी ओळखायचं कसं

एका कानाने कमी ऐकू यायला लागलं की गावात दोनच उपाय सुचतात, गरम तेल नाहीतर आगपेटीची काडी. त्याआधी एक परीक्षा करा. शांत खोलीत बसा, तोंड मिटा आणि 'हूं' असा एकसुरी हुंकार काढा. तो कोणत्या कानात जोरात घुमतो, ते पाहा.

हा आवाज कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात पोचतो. वाट बंद असलेल्या कानात तो मोठा वाटतो. खात्री हवी तर चांगलं ऐकणाऱ्याला एका कानात बोट घालून हुंकारायला सांगा. तुमच्या हुंकाराचा जोर कमी ऐकणाऱ्या कानात वाटला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. चांगल्या कानात वाटला तर बिघाड बहुधा आत, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या नळीत किंवा नसेत. दोन्ही कान सारखेच मंद असतील तर यातून काही कळत नाही.

बाहेरची नळी मोठ्या माणसात साधारण २.५ सेंटीमीटर असते. तिची कातडी हळूहळू बाहेर सरकते आणि मळही बाहेर आणते. काडी तोच मळ पडद्याकडे ढकलते. विहिरीत पोहून आल्यावर कान एकदम बंद झाला तर बहुतेक वेळा मळ फुगलेला असतो. खोबरेल तेल अंगाइतकंच कोमट करून २-३ थेंब, सकाळ-संध्याकाळ, ४-५ दिवस घाला, मग मळ दवाखान्यात काढून घ्या. थंड किंवा कढत तेलाने गरगरतं, कारण तोल सांभाळणाऱ्या नळ्या शेजारीच आहेत. लसूण कढवलेलं तेल तर नकोच. आणि कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर कोणताच थेंब नाही.

पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. त्यांची गरज का? आतल्या कानात पाणी आहे, आणि हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो. पाण्यात बुडी मारली की काठावरची हाक ऐकू येत नाही ना, तेच. पडदा हा रिकिबीखालच्या खिडकीच्या सुमारे १७ पट मोठा, त्यामुळे मोठ्या पडद्यावरचा जोर छोट्या खिडकीवर एकवटतो. बैल हाकायच्या तुतारीच्या आरीवर हाताचा जोर एकवटतो तसा. हाडांच्या तरफेची भर धरून दाब २० पटींच्या वर जातो. मधल्या कानात पाणी साचलं की हे सगळं ढिलं पडतं. लहान मुलांची कान-घसा जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी कानात उतरते. बाळाला पाजताना डोकं उंच ठेवा. वारंवार कान फुटत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. कानामागे सूज, चक्कर किंवा तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी.

आतला कान म्हणजे पावणेतीन वेढ्यांचा शंख. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात, आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच सुराचा आवाज दाराशीच्या वेढ्यात, जाड आवाज टोकाशी. गोंगाटाचा मार आधी उंच सुराच्या आवाजांवर बसतो. म्हणून घरच्यांना रातकिडे ऐकू येतात आणि हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर, वर्षानुवर्षं राबलेल्याला नाही. 'आवाज येते, पण शब्द समजत नाही' ही तक्रार इथलीच. स, श, फ आधी हरवतात. एक कान अचानक, तीन दिवसांच्या आत गेला आणि हुंकार चांगल्या कानात घुमला, तर तेल घालत थांबू नका. औषधाचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.

८५ डेसिबलला रोज ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, की मर्यादा ओलांडली समजा. कापसाच्या मुलखात कानात कापूस कोंबायची सवय आहे, पण त्याने आवाज फारसा अडत नाही. स्पंजाचे बोळे घ्या. बोळा बोटांत बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवून २०-३० सेकंद दाबून धरा. मग हुंकार द्या. नीट बसला असेल तर आवाज डोक्यात घुमतो. नाही घुमला तर काढून पुन्हा वळा.